दोन शाळा, एक प्रोजेक्ट आणि ग्रँटचे पैसे: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

शाळांनी मिळून ग्रँटवर एखादा क्रिएटिव्ह प्रोजेक्ट करायचा म्हटलं की पहिल्या मीटिंगला जे प्रश्न येतात ते जवळपास ठरलेलेच असतात, म्हणून ते इथे एकत्र टाकलेत. काहींची उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत उरकलीत, कारण सगळेच प्रश्न सारखे अवघड नसतात.

क्रिएटिव्ह लर्निंग प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय? चित्रकलेचा तास असतोच की.

असतो ना, आणि असायलाच हवा. इथे फरक इतकाच की कलेचा वापर बाकीचं शिकण्यासाठी होतो. अपूर्णांक शिकताना मुलं तालाचे तुकडे पाडून वाजवून बघतात, इतिहासाचा धडा चालू असताना शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून त्याचं श्राव्य नाटक बनवतात, भूगोलाला स्वतः पावलं मोजत नकाशा काढतात, असं काहीतरी. आणि शेवटी हातात काय येणार हे सुरुवातीला कोणालाच पूर्ण माहीत नसतं, सरांनाही नाही आणि बाईंनाही नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एकसारखं मॉडेल असणार हे जर पहिल्याच दिवशी पक्कं असेल तर तो हस्तकलेचा तास झाला. छान असतो तो पण, फक्त त्याला दुसरी शाळा आणि ग्रँट लागत नाही.

पैसे देतं कोण?

देशोदेशी वेगळं आहे, पण ढोबळमानाने चार प्रकार. सरकारी कला परिषदा किंवा शिक्षण खातं, खाजगी फाउंडेशन्स, कंपन्यांचा सामाजिक निधी, आणि अनेक देशांनी मिळून चालवलेल्या मोठ्या योजना. नॉर्वेत २००१ पासून शाळांमध्ये कला पोचवायची एक राष्ट्रीय योजना चालू आहे, तिला सरकारी लॉटरीच्या नफ्यातून पैसा येतो. वेल्समध्ये कला परिषद आणि सरकारने मिळून २०१५ मध्ये शाळांसाठी अशी योजना सुरू केली. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस या शिक्षणासाठीच्या योजनेत लहान भागीदारीसाठी ३०,००० किंवा ६०,००० युरोची ठोक रक्कम मिळते आणि त्याला किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संस्था लागतात.

ही ठोक रक्कम प्रकरण नीट समजून घ्या, कारण लोक इथे गडबडतात. ठोक रक्कम असली की फंड देणारा प्रत्येक बिल मागत बसत नाही, पण जे करू म्हणालात ते झालं याचा पुरावा मागतो, आणि नाही झालं तर शेवटचा हप्ता कापला जातो. उलट प्रत्यक्ष खर्चावर चालणाऱ्या ग्रँटमध्ये रिक्षाच्या भाड्यापासून सगळ्याच्या पावत्या लागतात. (बिलं शाळेच्या ऑडिटसाठी दोन्हीकडे जपून ठेवायचीच, तो विषय वेगळा.) तुमची ग्रँट कुठल्या जातीची आहे हे अर्ज करतानाच विचारा, वर्षअखेरीला नको.

आणि एक, कुठल्याच योजनेवर कायमचं विसंबून राहू नका. इंग्लंडमधली 'क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स', म्हणजे शाळांत बाहेरचे कलाकार आणणारी, ही या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली योजना, २००२ मध्ये सुरू झाली आणि देशभर पसरली, पण २०११ मध्ये सरकारी पैसा थांबला आणि योजना बंद. ज्या शाळांमध्ये शिक्षक स्वतः ती पद्धत शिकलेले असतात तिथे असं झाल्यावर काहीतरी उरतं, जिथे सगळं बाहेरच्या माणसाच्या जिवावर चाललेलं असतं तिथे तो गेला की संपलं.

आधी अर्ज भरायचा की आधी पार्टनर शाळा शोधायची?

पार्टनर आधी. दरवेळी. डेडलाईन आठ दिवसांवर आली की मग घाईघाईत फोन फिरतात, 'तुमचं नाव टाकू का पार्टनर म्हणून, काही करायचं नाहीये फक्त सही हवीय', आणि मग ग्रँट मंजूर झाल्यावर कळतं की त्या शाळेला खरंच वाटत होतं की काही करायचं नाहीये. अर्ज वाचणाऱ्यांनाही हे लगेच दिसतं. अर्जात एका शाळेचं वर्णन दोन पानं असतं आणि दुसरीचं चार ओळी, आणि 'दोन्ही शाळा मिळून' हे शब्द जिथेतिथे, पण कोण काय करणार ते कुठेच नाही.

त्यापेक्षा बिनपैशाचं काहीतरी छोटं आधी करून बघा. पाच-सहा पत्रांची देवाणघेवाण, किंवा एकच चित्र अर्धं तुम्ही काढा अर्धं त्यांनी काढायचं. समोरचे शिक्षक मेसेजला उत्तर देतात का, ठरलेल्या तारखेला पाकीट येतं का, काही बिनसलं तर स्पष्ट सांगतात का, हे एवढ्यातच कळतं.

पार्टनर शाळा मिळते कुठे?

देशाबाहेरची हवी असेल तर जुनी नेटवर्क्स आहेत. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं नेटवर्क १९५३ पासून चालू आहे. आय-अर्न हे १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यातून उभं राहिलं, शीतयुद्ध चालू असताना बरं का, आणि आज बऱ्याच देशांतले शिक्षक तिथे एकमेकांना प्रोजेक्ट सुचवतात. युरोपात शाळांना ऑनलाइन जोडणारं ई-ट्विनिंग २००५ पासून आहे.

पण खरं सांगू का, परदेशी शाळाच पाहिजे हा हट्ट बऱ्याचदा फोटोसाठी असतो. पलीकडच्या रस्त्यावरची शाळा, जिच्या मुलांशी तुमची मुलं कधी बोललेलीच नाहीत, तीसुद्धा चांगली पार्टनर असते. मुलं खरोखर एकमेकांच्या वर्गात जाऊन बसू शकतात, प्रवासखर्च जवळपास नाही, वेळेच्या फरकाची भानगड नाही. तुमच्या फंडरची अट वेगळ्या देशाची नसेल तर हा पर्याय आधी बघा.

आमची शाळा छोटी आहे, समोरची मोठी, साधनं भरपूर. जमेल का?

जमेल, पण लिहून घ्या. मोठ्या शाळेकडे अर्ज लिहायला माणूस असतो, अकाउंटंट असतो, मग साहजिकच पैसे तिच्या खात्यात येतात आणि हळूहळू निर्णयही तिथेच व्हायला लागतात. कोणी मुद्दाम करत नाही, होतं ते. म्हणून सुरुवातीलाच एक-दोन पानांचा साधा करार करा, त्यात पैसे कोणाच्या खात्यात येणार, पार्टनरला कधी आणि किती हप्त्यांत जाणार, साहित्य प्रोजेक्टनंतर कोणाकडे राहणार, आणि मतभेद झाला तर कोणासमोर बसायचं एवढं असलं तरी पुरे. शेवटचं प्रदर्शन छोट्या शाळेत ठेवा. मोठ्या शाळेच्या मुलांना पाहुणं म्हणून जाण्याची सवय नसते, ती लागलेली बरी.

विषय कसा निवडायचा?

असा विषय निवडा जो एका शाळेला एकटीने करताच येणार नाही. ही एकच कसोटी लावली तरी निम्म्या कल्पना गळतात. 'पर्यावरण', 'शांतता', 'आपली संस्कृती' हे विषय वाईट नाहीत पण इतके मोठे आहेत की दोन्ही शाळा आपापली पोस्टर्स बनवतात, एकमेकांना पाठवतात, टाळ्या वाजतात आणि झालं. दुसरी शाळा नसती तरी तीच पोस्टर्स बनली असती.

जमणारी दोन उदाहरणं सांगतो.

एक, आवाजांचं. प्रत्येक वर्गाने आपल्या शाळेतले दहा आवाज रेकॉर्ड करायचे, बोलणं नको, नावं नकोत. गळका नळ, जिन्यावरून उतरणारे बूट, करकरणारं दार, रिकाम्या वर्गातला पंखा. ते दुसऱ्या शाळेला जातात आणि तिकडची मुलं फक्त ऐकून या शाळेचा नकाशा काढतात, जिना लाकडी आहे की दगडी, नळ आत आहे की बाहेर, हॉल केवढा असेल. मग दोन नकाशे समोरासमोर. यातून विज्ञान येतं (रिकाम्या खोलीत आवाज का घुमतो), भाषा येते, चित्र येतं, आणि सगळ्यात भारी म्हणजे मुलं स्वतःची शाळा पहिल्यांदा कान देऊन ऐकतात.

दुसरं, सावलीचं, हे गणितवाल्यांना फार आवडतं. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला होता, इजिप्तमधल्या सायीन गावी सूर्य बरोबर डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात सूर्यकिरण उभ्या रेषेशी साधारण ७.२ अंशांचा कोन करत होते, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन शाळा हेच करू शकतात, फक्त त्या उत्तर-दक्षिण दिशेने एकमेकींपासून पुरेशा लांब हव्यात. एकाच दिवशी एक मीटरची सरळ काठी उभी करायची आणि सावली सगळ्यात छोटी होते ती वेळ पकडायची. घड्याळातले बारा धरू नका, सूर्य त्याच्या वेळेने माथ्यावर येतो. दोन्हीकडचा कोन काढायचा, वजाबाकी करायची. समजा शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर ५५५ किलोमीटर आहे आणि फरक ५ अंश आला, तर ३६० भागिले ५ म्हणजे ७२, आणि ७२ गुणिले ५५५ म्हणजे ३९,९६० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा घेर सुमारे ४०,००८, म्हणजे कमालच. पण एका शाळेची काठी जराशी कललेली असली आणि फरक ५ ऐवजी ४ अंश आला की उत्तर थेट ४९,९५० वर जातं, जवळपास दहा हजार किलोमीटर जास्तीचे. मग जे भांडण लागतं ना, तुमची काठी वाकडी का आमची, तोच खरा प्रोजेक्ट. मुलं ओळंबा वापरायला शिकतात, परत मोजतात, आणि त्या चुकीच्या पृथ्वीवर कोण राहत असेल, तिथला दिवस केवढा असेल यावर सावल्यांचं नाटक बसवता येतं, एक अंक इकडे आणि एक तिकडे.

बाहेरचा कलाकार आणायलाच हवा का? आमच्या बाई छान शिकवतात.

बाई छान शिकवत असतीलच. बाहेरच्या माणसाचा फायदा असा की मुलांकडे तो 'हा हुशार, तो मस्तीखोर' या यादीशिवाय बघतो. कलाकारच हवा असंही नाही, वास्तुविशारद, साउंड इंजिनिअर, सुतार, ॲनिमेटर, बागकाम करणारा, कोणीही ज्याला स्वतःच्या कामात प्रश्न सोडवायची सवय आहे. वेल्सच्या योजनेत यासाठी दोन वेगळ्या भूमिका केल्यात, एक माणूस शाळेशी बसून आखणी करतो आणि दुसरा प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करतो. छोट्या बजेटमध्ये दोघं परवडत नाहीत, पण कामं दोन आहेत हे डोक्यात असू द्या.

दोन गोष्टी मात्र पाळाच. कलाकाराला आखणीच्या दिवसांचेही पैसे द्या, फक्त वर्गातल्या तासांचे देऊन 'मीटिंगला असंच या हो' हे बरोबर नाही. आणि शिक्षकांनी त्या वेळात वर्गाबाहेर जायचं नाही. पाहुणा आला म्हणजे वह्या तपासायला मोकळा तास मिळाला असं झालं की प्रोजेक्टमधून शाळेने काही शिकलं नाही असं समजा.

मुलांना किती ठरवू द्यायचं? सगळं त्यांच्यावर सोडलं तर गोंधळ होईल.

गोंधळ होईल, थोडा होऊ द्या. माझ्या मते हा सगळ्या यादीतला मुख्य प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली होती, आठ पायऱ्यांची. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. एक म्हणजे मुलांना वापरून घेणं, दुसरी सजावट म्हणजे टी-शर्ट घालून स्टेजवर उभं करणं, तिसरी नावापुरता सहभाग, एखाद्या चुणचुणीत मुलीच्या हातात माईक देऊन मोठ्यांनी लिहिलेलं वाचायला लावणं. आता तुमच्या मागच्या कुठल्याही कार्यक्रमाचे फोटो काढा आणि कुठल्या पायरीवरचे आहेत बघा. बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम १२ मध्ये मुलांचं म्हणणं ऐकून त्याला वजन द्यायला सांगितलंय आणि कलम ३१ मध्ये कला आणि सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचा हक्क दिलाय, म्हणजे आपण काही उपकार करत नाही आहोत.

व्यवहारात काय करायचं? मुलांच्या हातात एक खरा निर्णय द्या, ज्याचा परिणाम त्यांना दिसेल. सगळ्यात सोपा म्हणजे पैशाचा. बजेटमधली एक छोटी रक्कम बाजूला काढा आणि दोन्ही शाळांच्या मुलांची मिळून समिती करा, ती ठरवेल कशावर खर्च करायचा, दुकानात भाव विचारेल, हिशेब ठेवेल. मुलं उधळपट्टी करतील असं मोठ्यांना वाटतं, बहुतेकदा उलटंच होतं, मुलं इतकी काटकसर करतात की शेवटी त्यांना सांगावं लागतं बाळांनो खर्च करा. दुसरा निर्णय माणसाचा, कलाकार निवडताना मुलांना प्रश्न विचारू द्या. 'तुम्ही चिडलात तर काय करता' हा प्रश्न कुठल्याही मोठ्यांच्या पॅनलने विचारला नसता, आणि त्याच्या उत्तरावरून माणूस जितका कळतो तितका बायोडेटावरून कळत नाही.

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमजवळच्या काओल प्राथमिक शाळेत १९९४ मध्ये 'रूम १३' नावाचा स्टुडिओ सुरू झाला, तो मुलांचीच समिती चालवायची, पैसे उभे करण्यापासून. प्राथमिक शाळेतली मुलं, लक्षात घ्या. त्यामुळे 'आमची मुलं लहान आहेत' हे कारण फारसं टिकत नाही.

काय त्यांच्यावर सोडायचं नाही? सुरक्षा, प्रवास, बँक खातं, परवानग्या. ते मोठ्यांचं काम. आणि हेही मुलांना सांगून टाका की इथे तुमचं मत विचारणार नाही, कारण विचारून मग न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

बजेटमध्ये काय काय विसरलं जातं?

बदली शिक्षकाचा खर्च. दुभाषा किंवा भाषांतर. पैसे दुसऱ्या देशात पाठवायचे बँक चार्जेस आणि चलनाच्या दरातला फरक. विमा. एखाद्या मुलाला व्हीलचेअर, सांकेतिक भाषा किंवा सोबत माणूस लागणार असेल तर त्याचा खर्च, हा नंतर नाही पहिल्यापासून धरा, नाहीतर ऐनवेळी 'बजेट नाही' म्हणून तेच मूल मागे राहतं. आणि शेवटचं म्हणजे रिपोर्ट लिहायचा वेळ.

सगळ्यात मोठा वाटा माणसांचा असू द्या, वस्तूंचा नको. टॅबलेट, प्रोजेक्टर, कॅमेरे यांची लांब यादी दिसली की अर्ज वाचणाऱ्याला शंका येते की यांना प्रोजेक्ट हवाय का साहित्य. अडीअडचणीसाठी पाच ते दहा टक्के वेगळे ठेवा, फंडर चालू देत असेल तर. काही योजनांत शाळेनेही स्वतःचा वाटा घालायचा असतो, तिथे हॉल, शिक्षकांचे तास वगैरे धरता येतात का ते नियमात बघून घ्या.

व्हिडिओ कॉलवर काही होतच नाही, मुलं गप्प बसतात.

होणारच. चाळीस मुलं, एक लॅपटॉप, तोही टेबलावर. पुढच्या बाकावरची तीन पोरं दिसतात, बाकीच्यांचे नुसते केस. तिकडून 'हॅलो' येतं, इकडून सगळे एकदम 'हॅलोऽऽ' ओरडतात, तो आवाज फिरून परत येतो, बाई म्हणतात एकेकाने बोला, आणि मग कोणीच बोलत नाही. शेवटी दोन्हीकडचे शिक्षकच हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि टाटा.

उपाय साधे आहेत. सगळ्या वर्गाचा कॉल फक्त सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये चार-पाच जणांचे छोटे गट. कॉलच्या आधी काहीतरी वस्तू पोचलेली हवी, पार्सल, रेकॉर्डिंग, अर्धवट चित्र, म्हणजे बोलायला विषय असतो. प्रत्येक गटाकडे विचारायचा एक प्रश्न आणि दाखवायची एक गोष्ट. आणि बरंचसं काम कॉलशिवायच चालू दे, आज इकडून रेकॉर्डिंग पाठवलं परवा तिकडून उत्तर आलं, वाट बघण्यात पण मजा असते आणि नेट खराब असलेल्या शाळेची अडचणही होत नाही.

दोन शाळांची भाषाच वेगळी आहे.

मग तर बरंय. आवाज, चित्र, हालचाल, बाहुल्या, नकाशे यांना भाषा फार लागत नाही. तिसऱ्या भाषेवर सगळं सोपवू नका, कारण ती ज्या चार मुलांना येते तीच चार मुलं मग सगळीकडे पुढे असतात. भाषांतराचं ॲप वापरा, त्याच्या गमतीजमती मुलांना फार आवडतात.

अभ्यास बुडतो म्हणून पालक ओरडतात. काय सांगायचं?

आधी त्यांचं म्हणणं खोडू नका, ज्यांच्या घरात परीक्षेवर बरंच काही अवलंबून असतं त्यांची काळजी खरी असते. त्यांना वेळापत्रक दाखवा, कुठला धडा प्रोजेक्टमधून पूर्ण होणार आहे ते नाव घेऊन सांगा. 'सर्वांगीण विकास' म्हटलं की पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन क्लास लावतात, त्यापेक्षा 'कोन मोजणं आणि गुणोत्तर हे दोन धडे यात होतील, नंतर नेहमीसारखी चाचणी घेऊ' हे पटतं.

आकडे हवे असतील तर एक आहे. ज्या पिसा परीक्षेवरून देशांची तुलना होते, तिने २०२२ च्या फेरीत पंधरा वर्षांच्या मुलांचा सर्जनशील विचार पहिल्यांदाच तपासला, लिखाण, चित्र, सामाजिक आणि वैज्ञानिक प्रश्न सोडवणं अशा चार भागांत. ६० पैकी ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) देशांची सरासरी ३३ आली आणि सिंगापूर ४१ घेऊन पहिलं. गणितातही त्या फेरीत पहिलं सिंगापूरच होतं. यावरून लगेच कला केली की गणित सुधारतं असा निष्कर्ष काढू नका, मी तरी काढणार नाही, पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत या समजाला मात्र त्यातून आधार मिळत नाही.

मुलं काय शिकली हे रिपोर्टमध्ये दाखवायचं कसं?

'मुलांनी खूप आनंद घेतला' हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. विंचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्जनशीलतेच्या पाच सवयी मांडल्यात त्या कामाला येतात: कुतूहल, चिकाटी, कल्पकता, शिस्त आणि मिळून काम करणं. पाचही तपासायच्या मागे लागू नका. दोन निवडा, सुरुवातीला आणि शेवटी त्याच पाच-सहा मुलांकडे नीट बघा, काय दिसलं ते तारखेसकट लिहून ठेवा. मुलांनी अर्धवट सोडलेल्या, खोडलेल्या गोष्टी फेकू नका, पहिली फसलेली आवृत्ती आणि शेवटची शेजारी ठेवली की शिकणं आपोआप दिसतं. जे जमलं नाही तेही लिहा. चांगल्या फंडरला ते वाचायला आवडतं, आणि पुढच्या वर्षी अर्ज तुम्हीच करणार असाल तर तुमच्याही कामाचं.

फोटो, व्हिडिओ, परवानग्या?

पालकांची लेखी परवानगी, आणि मुलाला स्वतःला विचारणं, दोन्ही. परवानगी एकच सरसकट नको, शाळेत लावणं वेगळं, पार्टनरला पाठवणं वेगळं, सोशल मीडिया वेगळं. युरोपातली शाळा असेल तर २०१८ पासून लागू झालेला तिथला डेटा संरक्षणाचा कायदा पाळावा लागतो, त्यात ऑनलाइन सेवांसाठी मुलाच्या स्वतःच्या संमतीचं वय १६ धरलंय आणि देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. चेहऱ्यांऐवजी हात आणि काम दिसेल असे फोटो काढले तर निम्मी कटकट वाचते. मुलाचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव फोटोखाली एकत्र टाकू नका. आणि चित्र ज्याने काढलं त्याचं असतं, बहुतेक देशांत कॉपीराइटही मुलाचाच, त्यामुळे फंडरला ते कॅलेंडरवर छापायचं असेल तर आधी विचारायचं.

मध्येच त्या शाळेतल्या शिक्षिका बदलून गेल्या तर?

हे इतक्या वेळा होतं की होणारच असं धरून चाला. प्रत्येक शाळेत दोन माणसं प्रोजेक्टमध्ये हवीत, मुख्याध्यापकांशिवाय. सगळी कागदपत्रं एका कॉमन फोल्डरमध्ये, कोणाच्या खाजगी मेलमध्ये नकोत. तरी पार्टनर गप्प झालाच तर दोन-तीन आठवड्यांच्या वर थांबू नका, फंडरला सरळ कळवा. लोक घाबरून लपवतात आणि शेवटी अडकतात. वेळेत सांगितलं तर मुदत वाढवून किंवा पार्टनर बदलून मिळायची शक्यता असते, मुदत संपल्यावर सांगितलं तर पैसे परत मागितले जातात.

अर्ज नामंजूर झाला. आता?

शेरे मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळतात. मग प्रोजेक्टचा सगळ्यात छोटा तुकडा पैशाशिवाय करा. आवाजांचा प्रोजेक्ट एका मोबाइलवर होतो, सावलीला काठी आणि दोरा लागतो. पुढच्या अर्जात 'करू' ऐवजी 'केलंय, आता वाढवायचंय' लिहिता आलं की अर्जाचं वजनच बदलतं.

आणि पैसे उरले तर?

आपल्या मनाने दुसरीकडे वळवायचे नाहीत, शाळेला रंग द्यायचाय म्हणून तर अजिबातच नाही. उरतायत असं दिसायला लागलं की मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी फंडरला लेखी विचारा, एखादी जास्तीची कार्यशाळा किंवा पार्टनर शाळेची एक भेट वाढवायला पुष्कळदा हो म्हणतात, त्यांनाही पैसे परत घेण्याचे कागद करायचा कंटाळाच असतो. काय वाढवायचं ते मुलांच्या समितीलाच सुचवायला सांगा, हिशेबाची वही तशीही त्यांच्याकडेच आहे.